शोधलेले शब्द पुसायचे कसे?

परंडा गावातील एका घरी घडू शकेल असा एक प्रसंग डोळ्यांपुढे आणा. घरात मोबाइल एकच. दुपारी तो दहावीतल्या मुलीकडे होता. परंड्याच्या भुईकोट किल्ल्यावर निबंध लिहायचा होता, त्याची माहिती तिने शोधली. ते झाल्यावर, आईला विचारायचा संकोच वाटला म्हणून, 'पाळी महिनाभर पुढे गेली तर काय करावे' हेही शोधले. संध्याकाळी तोच मोबाइल काकांच्या हाती आला. पाऊस कधी येणार हे पाहण्यासाठी त्यांनी 'पा' एवढेच अक्षर उमटवले, आणि खाली पहिलीच ओळ आपोआप उभी राहिली ती मुलीच्या प्रश्नाची.

मुलीने काहीही गैर केलेले नव्हते. पाळी सुरू झाल्यानंतर पहिली एकदोन वर्षे ती मागेपुढे होणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे, आणि सलग तीन महिने आली नाही तर डॉक्टरांना दाखवावे, हे उत्तर तिला हवे होते व ते तिला मिळालेही असेल. परंतु त्या घरात पुढचा अर्धा तास कसा गेला असेल याची कल्पना वाचकांनीच करावी!

आता प्रश्न असा, की एका अक्षरावरून यंत्राला पुढचे शब्द सुचले कसे? आणि ती ओळ पुसून टाकायची तर ती असते कोठे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यात दडलेले असल्यामुळे आधी पहिल्याकडे वळू.

'परंतु', 'परंपरा' आणि 'परंडा' हे तीन शब्द घ्या. संगणकाच्या लेखी 'परंडा' हा शब्द पाच चिन्हांचा आहे: प, र, अनुस्वार, ड आणि काना. तिन्ही शब्दांची पहिली तीन चिन्हे सारखीच आहेत. मग ती तीन वेळा लिहिण्यापेक्षा एकदाच लिहिली आणि अनुस्वारापासून तीन फांद्या फोडल्या तर? एक फांदी 'त'ची, दुसरी 'प'ची, तिसरी 'ड'ची. अशा रीतीने हजारो शब्दांचे एक झाड तयार होते. आपण 'परं' एवढे लिहिले की यंत्र खोडावरून त्या फाट्यापर्यंत चढते आणि पुढच्या फांद्यांना जी पाने असतील ती आपल्यापुढे ठेवते. या रचनेला 'ट्राय' म्हणतात. 'रिट्रीव्हल', म्हणजे हवी ती गोष्ट शोधून परत आणणे, या शब्दातून हे नाव एडवर्ड फ्रेडकिन या अमेरिकन संशोधकाने १९६० साली घेतले. प्रत्येक ठिकाणी हुबेहूब हेच झाड वापरतात असे नाही. तत्त्व मात्र हेच.

पाने पुष्कळ असली तर आधी कोणते दाखवायचे? यासाठी प्रत्येक पानावर जणू दोन आकडे लिहिलेले असतात. हे शब्द किती वेळा शोधले गेले, हा एक; आणि शेवटचे केव्हा, हा दुसरा. दर आठवड्याला 'परंडा ते बार्शी एसटी' शोधणाऱ्या माणसाला ती ओळ वर दिसते ती पहिल्या आकड्यामुळे. दुपारचा प्रश्न संध्याकाळी वर आला तो दुसऱ्या आकड्यामुळे. यंत्राला चहाडी करायची नव्हती. ते फक्त ताजे पान वर ठेवत होते.

लिहिता लिहिता खाली उमटणाऱ्या या ओळींना 'सजेशन' म्हणतात. गूगलमध्ये ही सोय केविन गिब्स या अभियंत्याने तयार केली. २००४ साली ती प्रयोग म्हणून लोकांपुढे आली आणि २००८ पासून गूगलच्या मुख्य पानावर सर्वांना दिसू लागली. हेतू साधा होता, बोटांचे श्रम वाचावेत. एका माणसाचा एक संगणक असेल तर त्यात अडचण काहीच नाही. एक मोबाइल पाच माणसे वापरतात तेथे मात्र सोयीची गैरसोय होते, कारण पाच जणांची पाने एकाच झाडाला लागतात.

वास्तविक हे झाड एक नसून चार आहेत, आणि लोकांचा घोटाळा होतो तो येथेच. एक झाड मोबाइलच्या कीबोर्डमध्ये असते; अक्षरांच्या वरच्या पट्टीत येणारे शब्द ते त्याचे. दुसरे ब्राउझरमध्ये, म्हणजे ज्यातून आपण संकेतस्थळे पाहतो त्या प्रोग्रॅममध्ये. तिसरे आपल्या खात्याच्या नावाने कंपनीच्या दूरच्या संगणकावर. आणि चौथे साऱ्या जगाचे: असंख्य लोकांनी काय काय शोधले त्यावरून वाढलेले. एकावरचे पान खुडले म्हणून दुसऱ्यावरचे गळत नाही. 'मी तर सगळे डिलीट केले होते, तरी आलेच कसे?' अशी तक्रार करणाऱ्याने बहुधा एकाच झाडाला हात लावलेला असतो.

कोणती ओळ कोणत्या झाडाची, हे ओळखण्याचा एक प्रयोग वर्गातही करता येईल. ब्राउझर उघडून चौकटीत 'परं' लिहा व आलेल्या ओळी वहीत उतरवून घ्या. मग मोबाइल डेटा आणि वाय-फाय दोन्ही बंद करून पुन्हा तेच लिहा. आता ज्या ओळी उरल्या त्या मोबाइलच्या पोटातल्या. ज्या नाहीशा झाल्या त्या बाहेरून येत होत्या. गूगलच्या चौकटीत चित्रांवरूनही थोडा अंदाज येतो. ओळीच्या आधी घड्याळाचे चित्र असेल तर तो याच खात्यावरून किंवा याच यंत्रावर पूर्वी घेतलेला शोध असतो. भिंगाचे चित्र असेल तर ती सर्वसाधारण सूचना. वर चढणारा बाण असेल तर सध्या बरेच लोक ते शोधत आहेत असे समजावे. भिंगाची आणि बाणाची ओळ आपल्याला पुसता येत नाही, आणि तिच्याबद्दल कोणी कोणाला रागावण्याचेही कारण नाही. काही मोबाइलवर घरच्या कोणीही न शोधलेल्या चमत्कारिक गोष्टी दिसतात, त्या या चौथ्या झाडाच्या असतात. पालकांना हे एवढे जरी माहीत झाले तरी बरीच भांडणे टळतील असे मला वाटते.

घड्याळाची ओळ पुसणे सोपे आहे. मोबाइलवर तिच्यावर बोट दाबून धरले की ती काढून टाकायची का असे विचारले जाते, 'होय' म्हणावे. संगणकावर ओळीच्या उजव्या टोकाला फुलीचे चिन्ह येते. ते न दिसल्यास खालच्या बाणाच्या कळीने त्या ओळीवर जाऊन शिफ्ट आणि डिलीट या कळी एकत्र दाबाव्यात. अर्जातल्या चौकटींत पूर्वी भरलेली नावे, फोन क्रमांक वगैरे उमटतात, तीही बहुतेक ब्राउझरमध्ये याच युक्तीने जातात.

एकेक ओळ न काढता सगळेच साफ करायचे तर संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट या तीन कळी एकदम दाबाव्यात. मोबाइलवर तीन ठिपक्यांच्या यादीतून हिस्टरीत जावे. येथे एक खोच आहे. किती काळाची नोंद पुसायची हे तेथे निवडावे लागते, आणि पुष्कळदा आधीपासून थोड्याच काळाची निवड केलेली असते. ती न बदलता बटण दाबले तर जुन्या नोंदी जागच्या जागी राहतात. काहीच केले नाही, तर क्रोम ब्राउझर त्या यंत्रावरची हिस्टरी सुमारे ९० दिवस सांभाळतो.

कीबोर्डचे पान खुडण्याची रीत निराळी. गूगलच्या कीबोर्डवर नको असलेला शब्द पट्टीत आला की तो दाबून धरून कचरापेटीच्या चित्राकडे ओढावा. कीबोर्ड जे काही शिकला असेल ते सारे विसरायला लावण्याची सोयही त्याच्या सेटिंगमध्ये असते.

खात्याचे झाड सर्वांत महत्त्वाचे, कारण ते दिसत नाही. ते समजण्यासाठी परंड्याच्या किल्ल्याकडेच जाऊ. विजापूरची प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ अहमदनगरला १५४९ साली ओतली गेली, पुढे ती परंड्याच्या किल्ल्यात होती आणि १६३२ साली तेथून विजापूरला नेण्यात आली. तोफ गेली तेव्हा परंड्यातली तिची जागा रिकामी झाली. माहितीचे तसे नाही! ती एका ठिकाणाहून दुसरीकडे 'नेली' तरी पहिल्या ठिकाणीही उरते, कारण नेली जाते ती तिची प्रत. घरच्या मोबाइलवर केलेला शोध खात्यामार्फत कंपनीच्या संगणकावर जातो, आणि तेच खाते दुकानातल्या संगणकावर उघडलेले असेल तर तेथेही त्याचे पान फुटू शकते. म्हणून मोबाइलवरची हिस्टरी पुसल्यानंतर गूगल खात्यातल्या 'माय अ‍ॅक्टिव्हिटी' या पानावर जाऊन तेथील नोंदही पाहावी व पुसावी. ठरावीक मुदतीनंतर नोंदी आपोआप पुसल्या जाव्यात असेही तेथे ठरवता येते. मुदत ३, १८ किंवा ३६ महिन्यांची निवडता येते. जून २०२० पासून नव्या खात्यांना १८ महिन्यांची मुदत आपोआप लागू होऊ लागली. त्याआधीच्या खात्यांनी ती स्वतः लावून घ्यायची आहे.

पुसले म्हणजे खरोखर नाहीसे होते का? खेड्यातल्या विद्यार्थ्यांना सातबारा माहीत असतो. एखाद्याचा हक्क संपला की त्याच्या नावाला कंस करतात; नाव कागदावर वाचता येते, पण चालू नोंद म्हणून ते धरले जात नाही. संगणकातही पुष्कळदा प्रथम कंसच होतो. नोंदीची जागा 'मोकळी' असे ठरवले जाते आणि पुढे नवी नोंद त्या जागेवर आली की जुनी खरोखर जाते. काही प्रोग्रॅम मात्र पुसतानाच त्या जागेवर शून्ये भरतात. मोबाइलच्या फ्लॅश स्मृतीत तर नवे लेखन बहुधा नव्या कप्प्यात होते आणि जुना कप्पा नंतर सवडीने रिकामा केला जातो. घरातल्या माणसापासून झाकायला कंस पुरेसा आहे. मोबाइल विकायचा असेल तर मात्र त्यातून आपली खाती काढून तो मुळापासून रीसेट करावा.

शिक्षकांसाठी एक गोष्ट सांगतो. वर्गातल्या मोठ्या पडद्यावर स्वतःचे खाते उघडून शोध घेतला तर आपली पाने चाळीस विद्यार्थ्यांपुढे फडफडतात. त्यापेक्षा संगणकावरच्या क्रोममध्ये पाहुण्यांसाठी असलेली 'गेस्ट' खिडकी वापरावी.

त्या मुलीने काय करायला हवे होते? 'इन्कॉग्निटो' खिडकी उघडून शोध घेतला असता तर ती बंद करताच मोबाइलवरची हिस्टरी राहिली नसती. त्या खिडकीत खाते मुद्दाम उघडले नाही तर शोध खात्यातही जात नाही. पण हा बुरखा नव्हे. इंटरनेट पुरवणाऱ्याला आणि ज्या संकेतस्थळाला भेट दिली त्याला ती भेट कळतेच, आणि उतरवून घेतलेल्या फायली मोबाइलमध्ये राहतात.

यावर कोणी म्हणेल, मुलीला लपवायचे तरी कशाला? सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. हा निर्णय सरकारपुरताच आहे की घरातल्या एकुलत्या एका मोबाइललाही त्याचा काही अर्थ आहे, यावर नागरिकशास्त्राच्या तासाला चर्चा घ्यायला हरकत नाही. काकांना मात्र त्या संध्याकाळी पावसाचा अंदाज पाहायचा होता, आणि तो पाहायचा राहूनच गेला.