अवघड खेळ आणि मुलांचा आत्मविश्वास

रायपूर शहरातील बूढ्या तलावास आज विवेकानंद सरोवर या नावाने ओळखतात. १८७७ साली विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपूरला राहत असताना त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा नरेंद्र कुटुंबासह येथे आला. रेल्वे तोवर या भागात पोचली नव्हती. प्रवासाचा मोठा टप्पा बैलगाडीने करावा लागला. सुमारे दोन वर्षांच्या या वास्तव्यात नरेंद्र बुद्धिबळ शिकला आणि मुरलेल्या खेळाडूंशी डाव मांडू लागला, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. पुढे जगाला स्वामी विवेकानंद म्हणून परिचित झालेल्या त्या मुलाचे हे उदाहरण एवढ्यासाठीच दिले की, अवघड खेळाची ओढ ही काही केवळ आजच्या मुलांची नवलाई नव्हे.

फरक एवढाच की, आता पटाची जागा पडद्याने घेतली आहे. रायपूरच्या तात्यापाऱ्यातील मराठी घर असो की नागपूर-पुण्यातील, मुलगा किंवा मुलगी व्हिडिओ गेमच्या एकाच टप्प्यावर वीस-वीस वेळा हरते आणि पुन्हा खेळावयास बसते, हे दृश्य घरोघरी दिसते. आईवडिलांना वाटते, हा वेळेचा निव्वळ अपव्यय आहे. तो तसा होऊही शकतो. परंतु त्या वारंवार हरण्यातून मुलाच्या हाती काही मोलाचे लागते काय, याचा विचार केल्याशिवाय निकाल देणे योग्य होणार नाही.

या दृष्टीने ‘टेट्रिस’ या खेळाची हकीगत उद्बोधक आहे. १९८४ साली मॉस्को येथे अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी तो तयार केला. वरून पडणारे चार-चार चौकोनांचे तुकडे फिरवून, सरकवून ओळी भरावयाच्या. भरलेली ओळ नाहीशी होते. १९९० नंतरच्या दशकात पेटीसारखी छोटी बॅटरीवरील यंत्रे आपल्याकडेही आली, तेव्हा पुष्कळ घरांत हा खेळ रंगला. निन्टेन्डो कंपनीने १९८९ साली काढलेल्या त्याच्या आवृत्तीत वेग वाढत जातो आणि एकोणतिसाव्या पातळीवर तुकडा वीस ओळींचे अंतर सेकंदाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यात पार करतो. बटण दाबून धरले तरी तो कडेला पोचण्यापूर्वीच तळाशी येतो. यास्तव माणसाची मजल येथेच संपते, असे खेळाडू वर्षानुवर्षे मानीत आले.

ही मर्यादा माणसाची नव्हती; बटण दाबण्याच्या एका रीतीची होती. बटण दाबून न धरता अंगठा अतिशय जलद कंपित करून ते पुनःपुन्हा दाबता येते, हे काहींनी दाखवून दिले. त्याच रीतीने २०१८ साली सोळा वर्षांच्या जोसेफ सॅलीने सात वेळा विजेता ठरलेल्या जोनस न्यूबावर यास हरवून जागतिक स्पर्धा जिंकली. २०२० नंतर आणखी एक युक्ती रूढ झाली. अंगठा बटणावर हलकेच ठेवावयाचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी नियंत्रकाच्या पाठीवर, तबल्यावर बोटे चालवावीत तसा, ताल धरावयाचा. २१ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याच्या तेरा वर्षांच्या विलिस गिब्सन या मुलाने याच पद्धतीने १५७वी पातळी गाठली. तेथे खेळाची मूळ आज्ञावलीच थिजून बंद पडली. तोवर हे केवळ संगणकाकडून साधले गेले होते. त्याच महिन्यात निवर्तलेल्या आपल्या वडिलांना त्याने हे यश अर्पण केले. एका ब्रिटिश दूरचित्रवाहिनीवरील निवेदिकेने त्याला बाहेर मोकळ्या हवेत जाण्याचा उपदेश केला, तेव्हा प्रेक्षकांना तो रुचला नाही.

अशा खेळातून आत्मविश्वास कसा येतो? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी १९७७ साली प्रसिद्ध केलेल्या विवेचनात आत्मविश्वासाचे चार उगम सांगितले: स्वतः काम तडीस नेल्याचा अनुभव, आपल्यासारख्या दुसऱ्याने ते केलेले पाहणे, इतरांचे प्रोत्साहन आणि मनाची व शरीराची त्या वेळची अवस्था. यांपैकी पहिला उगम त्यांनी सर्वांत प्रबळ मानला. ‘तू हुशार आहेस’ असे शंभरदा ऐकण्यापेक्षा न जमणारी गोष्ट स्वतःच्या हाताने एकदा जमविणे अधिक उपयोगी पडते. चांगल्या अवघड खेळात नियम बदलत नाहीत, चुकीचे कारण बहुधा तत्काळ दिसते आणि हरण्याची किंमत अल्प असल्यामुळे लगेच पुन्हा प्रयत्न करता येतो. वर्गात चुकीचे उत्तर देताना वाटणारी लाज येथे आड येत नाही.

तथापि, एक गोष्ट विसरता कामा नये. एका क्षेत्रातील आत्मविश्वास दुसऱ्या क्षेत्रात आपोआप येत नाही. खेळात न खचणारे मूल अपूर्णांकांच्या गणितापुढे पाटी टाकून देते. तेथे आईवडिलांचे काम सुरू होते. ‘जिंकलास का?’ असे न विचारता ‘मागच्या वेळी कशामुळे हरलास आणि या वेळी काय बदललेस?’ असे विचारावे. मूल उत्साहाने सांगू लागले म्हणजे ते स्वतःच्याच पद्धतीकडे प्रथमच लक्ष देते. मग गणिताच्या वहीपुढे बसून तोच प्रश्न तितक्याच सहजतेने विचारता येतो.

मर्यादा मात्र घरानेच घालावयास हव्यात. निजण्याची, जेवणाची आणि मैदानावर जाण्याची वेळ खेळाने खाऊ नये. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सर्व गोष्टी मागे पडणे आणि नुकसान दिसूनही न थांबणे, अशी अवस्था दीर्घकाळ टिकल्यास जागतिक आरोग्य संघटना तिला विकार मानते. २०२२ पासून अमलात आलेल्या रोगांच्या वर्गीकरणात तिचा समावेश आहे. अशा वेळी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ तर सर्वथा वेगळे. २०२५ च्या कायद्याने देशात त्यांस मनाई केली आहे. तेथे हरणे स्वस्त नसते आणि पुन्हा डाव मांडण्याची ओढ शिकण्यासाठी नसते, तर गेलेला पैसा परत मिळविण्यासाठी असते.

एखाद्या संध्याकाळी, ठरलेल्या वेळेत, मुलाच्या शेजारी बसून तो खेळ आपणही खेळून पाहावा. आपण बहुधा पहिल्याच मिनिटाला हरू. मूल हसेल, मग कुठे चुकले ते समजावून सांगेल. दुसऱ्याला शिकविण्याइतके आपल्याला येते, ही जाणीव त्याला त्या क्षणी होईल आणि आपल्यालाही ते मूल किती धीराने शिकत आले आहे हे दिसेल.