संगणकाचे पथ्यापथ्य : क्लाउडवर कोणते फोल्डर न्यावे, कोणते वर्ज्य करावे?

आमच्या चिकित्सालयात दोन संगणक आहेत. एक औषधे देण्याच्या टेबलावर असतो आणि दुसरा घरी, लेखन-वाचनासाठी. दोन्हींवर एकाच क्लाउड-सेवेचे खाते चालू होते. मध्यंतरी घरच्या संगणकात जागा उरली नाही, म्हणून आमच्या सहायकाने त्यावरील ‘त्वचाविकार छायाचित्रे’ हे फोल्डर काढून टाकले. मूळ प्रत चिकित्सालयात आहेच, असा त्याचा सरळ हिशेब होता. दुसऱ्या दिवशी पाहतो तो चिकित्सालयातील संगणकावरूनही ते फोल्डर नाहीसे झालेले! उपचारांपूर्वीची व उपचारांनंतरची सहा वर्षांची छायाचित्रे त्यात होती. सेवेच्या संकेतस्थळावरील कचरापेटीत ती सापडली म्हणून निभावले.

सहायकाला बोल लावण्यात अर्थ नव्हता. त्याला ते फोल्डर त्या एका संगणकापुरते वगळायचे होते. पण वगळणे आणि पुसणे यांतील भेद त्याला कोणी सांगितला नव्हता. खरे सांगायचे तर आम्हांसही तो नीट ठाऊक नव्हता. वैद्यबंधू-भगिनींवर व औषधी दुकानदारांवर असा प्रसंग येऊ नये, यासाठी हा लेखप्रपंच.

सिंक म्हणजे काय?

वनड्राइव्ह, गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स या सेवा आपल्या संगणकावरील ठरावीक फोल्डर व इंटरनेटवरील साठा यांची सतत जुळवणी करीत असतात. या जुळवणीलाच ‘सिंक’ म्हणतात. एका ठिकाणी केलेली दुरुस्ती सर्व ठिकाणी उमटते. अर्थात, एका ठिकाणी पुसलेली फाइलही सर्व ठिकाणी पुसली जाते. विषाणू-प्रोग्रॅमने एखाद्या संगणकावरील फायली बिघडवल्या, तर तो बिघाडही इमानेइतबारे सर्वत्र पोहोचतो. म्हणून सिंक चालू आहे एवढ्यावरून आपल्याकडे सुरक्षित दुसरी प्रत आहे, असे समजू नये.

पुसलेल्या फायली गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस राहतात. वनड्राइव्हच्या वैयक्तिक खात्यात व ड्रॉपबॉक्सच्या मोफत खात्यातही साधारण तेवढीच मुदत मिळते. याउलट जीएसटी कायद्यान्वये हिशेबाची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या नियत तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. तीस दिवसांच्या कचरापेटीवर बहात्तर महिन्यांचा भार टाकता येणार नाही, हे उघड आहे.

वगळण्याचे दोन प्रकार

‘फोल्डर वगळणे’ या एकाच शब्दप्रयोगाने दोन भिन्न क्रिया सांगितल्या जातात. बहुतेक घोटाळा येथेच होतो.

पहिला प्रकार : फोल्डर क्लाउडवर राहते, परंतु या विशिष्ट संगणकावर उतरत नाही. संगणकात जागा कमी असल्यास हा उपाय योग्य. आमच्या सहायकाला हेच हवे होते.

दुसरा प्रकार : फोल्डर आपल्या संगणकावर राहते, परंतु क्लाउडवर मुळीच जात नाही. गोपनीय माहितीसाठी किंवा सतत बदलणाऱ्या फायलींसाठी हाच मार्ग हवा.

सेवांच्या ‘सेटिंग्ज’मध्ये सहज सापडणारी सोय बहुधा पहिल्या प्रकारची असते. गोपनीयतेच्या हेतूने एखाद्या फोल्डरपुढील खूण काढणारा वैद्य निर्धास्त होतो; प्रत्यक्षात फोल्डर त्याच्या संगणकावरून जाते आणि क्लाउडवर तसेच राहते. म्हणजे हवे त्याच्या नेमके उलट घडते.

सेवानिहाय तपशील

वनड्राइव्ह : ‘सेटिंग्ज’मधील ‘अकाउंट’ विभागात ‘चूज फोल्डर्स’ हा पर्याय आहे. तेथील खूण काढणे हा पहिला प्रकार होय. मात्र विंडोजमध्ये याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स व पिक्चर्स ही तीन फोल्डरे वनड्राइव्हच्या ‘बॅकअप’मध्ये घेतली जाऊ शकतात, आणि नवा संगणक सुरू करताना हा पर्याय आपल्या नकळत चालू झालेला असू शकतो. ‘मॅनेज बॅकअप’मध्ये जाऊन तो तपासावा. बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसल्यास घाबरू नये; फायली बहुधा वनड्राइव्हच्या फोल्डरात असतात व तेथून परत आणता येतात. मोफत जागा ५ जीबी आहे.

गुगल ड्राइव्ह : संगणकावरील कोणती फोल्डरे सिंक व्हावीत, हे आपण स्वतः निवडून जोडावयाचे असते. निवडलेल्या फोल्डरातील सर्व उपफोल्डरे त्यासोबत जातात. म्हणून संपूर्ण ‘डॉक्युमेंट्स’ जोडण्याऐवजी नेमके हवे तेच फोल्डर जोडावे. यातील १५ जीबी मोफत जागा जीमेल व गुगल फोटोज यांच्याशी सामाईक आहे. व्याख्यानांच्या चित्रफितींनी ती भरली, तर जीमेलवर नवे टपाल येणे थांबते. ई-मेलवर मागणी घेणाऱ्या दुकानदारांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

ड्रॉपबॉक्स : ‘सिलेक्टिव्ह सिंक’ हा पहिलाच प्रकार आहे. खूण काढल्यावर त्याच जागी त्याच नावाचे नवे फोल्डर तयार करू नये. तसे केल्यास विसंगतीची सूचना जोडलेले वेगळे फोल्डर निर्माण होते व गोंधळ वाढतो. दुसऱ्या प्रकारासाठी फोल्डरास ‘दुर्लक्षित’ अशी खूण करण्याची सोय आहे, पण त्यासाठी संगणकास लेखी आज्ञा द्यावी लागते. ते काम जाणकाराकडून करून घ्यावे. अशी खूण केल्यावर क्लाउडवरील प्रत काढली जाते, हेही लक्षात असू द्यावे. मोफत जागा २ जीबी आहे.

या सर्व तपशिलांतून एक सोपा नियम निघतो, जो कोणत्याही सेवेस लागू पडतो : जे क्लाउडवर जाऊ नये, ते सिंक होणाऱ्या फोल्डरच्या बाहेरच ठेवावे. आम्ही आता ‘डी’ ड्राइव्हवर दोन मुख्य फोल्डरे केली आहेत, ‘क्लाउड’ आणि ‘स्थानिक’. पहिलेच काय ते सेवेशी जोडले आहे. खुणा करण्याची व काढण्याची यातायातच उरली नाही.

वर्ज्य काय?

१. हिशेबाच्या प्रोग्रॅमचा चालू डेटा. टॅली किंवा बिलिंगचे तत्सम प्रोग्रॅम आपल्या डेटा-फोल्डरातील अनेक फायलींत एकाच वेळी नोंदी करीत असतात. त्या अर्धवट अवस्थेत सिंक झाल्या, किंवा दोन संगणकांवरून एकाच वेळी बदलल्या गेल्या, तर फायली परस्परांशी जुळत नाहीत व साठ्याची नोंद बिघडते. चालू डेटा बाहेर ठेवावा. रात्री प्रोग्रॅममधूनच बॅकअप घ्यावा व ती तयार प्रत हवी तर क्लाउडच्या फोल्डरात ठेवावी.

२. रुग्णांची ओळख पटणारी छायाचित्रे व रुग्णपत्रके. चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात शिष्याला केलेल्या उपदेशात, रुग्णाच्या घरातील गोष्टी बाहेर न सांगण्याची आज्ञा आहे. आज त्या ‘घरातील गोष्टी’ आपल्या संगणकात आहेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले व तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. माहिती दुसऱ्याच्या यंत्रणेवर ठेवली, तरी तिच्या रक्षणाचे दायित्व ती गोळा करणाऱ्यावरच राहते, हे त्यातील आपल्यासाठी महत्त्वाचे सूत्र. जे खाते सहायक, औषधे देणारा कर्मचारी आणि घरची मुले असे सर्वजण वापरतात, त्या खात्यावर रुग्णपत्रके असूच नयेत.

३. मोठ्या चित्रफिती व स्कॅन केलेले ग्रंथ. यांत गोपनीय काही नसते, पण ते जागा व्यापतात आणि मंद इंटरनेटवर इतर फायलींची वाट अडवतात.

दरपत्रके, कोरे नमुने, परवान्यांच्या व नोंदणी प्रमाणपत्राच्या प्रती, व्याख्यानांची टिपणे ही मात्र खुशाल क्लाउडवर ठेवावीत. प्रवासात त्यांचा उपयोग होतो.

मोबाइलकडे दुर्लक्ष नको

अलीकडे रुग्ण जिव्हेचे छायाचित्र, व्रणाचे छायाचित्र, रक्ततपासणीचा अहवाल व्हॉट्सॲपवर पाठवतात. गुगल फोटोजमध्ये व्हॉट्सॲपच्या चित्रांचे फोल्डर बॅकअपसाठी चालू असेल, तर ही सारी चित्रे कुटुंबातील समारंभाच्या छायाचित्रांशेजारी जाऊन बसतात. ‘बॅकअप’च्या सेटिंग्जमध्ये मोबाइलवरील फोल्डरांची यादी असते, तेथे हे फोल्डर बंद करावे. पूर्वीच गेलेली चित्रे मात्र आपोआप निघत नाहीत. ती संकेतस्थळावर जाऊन पाहून काढावी लागतात. त्यातही सावधगिरी हवी : ॲपमधून पुसल्यास मोबाइलमधील प्रतही जाऊ शकते. आवश्यक ती चित्रे आधी ‘स्थानिक’ फोल्डरात उतरवून घ्यावीत.

वगळलेल्याची जबाबदारी

फोल्डर क्लाउडमधून वगळले की त्याची तेथील प्रत संपली. यापुढे संगणक बिघडला तर ते फोल्डरही गेले. म्हणून ‘स्थानिक’ फोल्डराची प्रत दर आठवड्यास बाह्य हार्ड डिस्कवर घ्यावी, आणि काम झाल्यावर डिस्क संगणकापासून सोडवून कुलपात ठेवावी. जोडलेलीच राहिलेली डिस्क विषाणू-प्रोग्रॅमच्या तावडीतून सुटत नाही.

कोणताही बदल करताना पुढील क्रम पाळावा. प्रथम बाह्य डिस्कवर प्रत घ्यावी व तिच्यातील दोन-चार फायली उघडून पाहाव्यात. सिंक पूर्ण झाल्याची खूण दिसेपर्यंत थांबावे. त्यानंतर एकाच संगणकावर, एकाच फोल्डराचा बदल करावा. शेवटी दुसऱ्या संगणकावर व सेवेच्या संकेतस्थळावर जाऊन काय राहिले, काय गेले हे प्रत्यक्ष पाहावे.

आमच्या सहायकाने परवा हाच क्रम एका कागदावर लिहून टेबलामागील भिंतीवर लावला. त्यातील पहिली ओळ त्याच्याच शब्दांत अशी आहे : ‘जागा हवी असेल तर पुसू नये, आधी विचारावे.’ प्रत्येक चिकित्सालयात व दुकानात संगणकाशेजारी असा एक कागद असावा, असे आम्हांस वाटते.