जुनं घर घेताय? आधी वजन कुठं जातंय ते बघा

ज्यांना हा भाग ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त अडखळणं काढून टाकलंय.

प्रश्न फुलंब्रीच्या एका श्रोत्याचा आहे. गावातलं जुनं घर विकायला निघालंय. दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, वर मातीचं धाबं, आत सागवानी खांब. ओळखीचा मिस्त्री म्हणतो, "भिंती किल्ल्यासारख्या आहेत. लाकूड विकून टाका, त्यातच बराचसा स्लॅब निघेल." इसार द्यायचाय, देऊ का?

माझं उत्तर असं की घर कदाचित चांगलं असेल, पण मिस्त्रीचा सल्ला धोक्याचा आहे. का, ते सांगतो.

आपल्या मराठवाड्यातल्या बऱ्याच जुन्या घरांत छताचं वजन भिंतीवर नसतंच. ते कड्यांवरून तुळईवर, तुळईवरून खांबावर आणि खांबाखालच्या तळखड्यातून जमिनीत जातं. याला आपण खणाचं घर म्हणतो. भिंत फक्त आडोसा देते, ऊन-वारा-चोर यांच्यासाठी. ती जाड असते कारण ती दोन पदरांची असते. बाहेरून दगडाचा एक पदर, आतून एक, आणि मधे बारीक दगड-मातीची भर. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड गवंड्यानं घातले असतील तर ठीक. नसतील तर ती एक जाड भिंत नाही, शेजारी शेजारी उभ्या दोन पातळ भिंती आहेत.

हे आपल्याला फार मोठी किंमत देऊन कळलंय. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जनाची रात्र, माणसं दमून झोपलेली. भूकंप 6.2 रिश्टरच्या आसपासचा, म्हणजे जगाच्या मानानं मध्यमच. तरी हजारो माणसं गेली. दगड-मातीच्या भिंतींचे पदर सुटले आणि त्या झोपलेल्यांवर कोसळल्या, वरून धाब्याची माती. पण पाहणी करणाऱ्यांना एक गोष्ट दिसली. बऱ्याच घरांत भिंती आडव्या झाल्या तरी लाकडी सांगाडा उभा होता. आणि आपला मिस्त्री नेमका तोच सांगाडा विकायला सांगतोय!

आता कुणी म्हणेल, स्लॅब जड असतो म्हणून भीती वाटते का? उलट आहे. दहा बाय दहाच्या खोलीवर एक फूट माती असेल तर ती साडेचार टनांच्या आसपास भरते. पाच इंची स्लॅब तीन टनांच्या आत. धाब्यावर तर दर पावसाळ्याआधी गळतीसाठी नवी माती पडते, जुनी कुणी काढत नाही, त्यामुळे थर वाढतच जातो. म्हणजे वजन कमी होतंय, पण ते जाणार कुठून? खांब काढल्यावर ते भिंतीवर येणार, जिनं जन्मात कधी छत उचललेलं नाही. तेही बहुतेक वेळा आतल्याच पदरावर, कारण स्लॅब तिथंच टेकवतात.

मग बघायचं काय? पहिल्यांदा भिंतीला ओळंबा लावा, चार-पाच ठिकाणी. भिंतीला पोट सुटलं असेल तर पदर वेगळे व्हायला लागलेत. हातोडीनं हलकं ठोका, भद्द आवाज आला तर आत भर खाली बसलेली असू शकते. मग खांबाच्या बुडाशी बसा. तळखड्याजवळ लाकडात स्क्रू-ड्रायव्हर दाबा. सहज आत गेला तर वाळवी किंवा कूज. तुळईची भिंतीत गेलेली टोकं बघायची राहतात, आणि ओल मुरते नेमकी तिथंच. मालक खोलीत सामान रचून ठेवत असेल तर सामान हलवायला सांगा, लाजू नका.

दुसरी गोष्ट जमीन. गिरिजा नदीच्या खोऱ्यात काळी कापसाची जमीन आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया उथळ असेल तर घर तिच्याबरोबर वर-खाली होतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या गेलेल्या भेगा तिचीच खूण असू शकतात. म्हणून जमलं तर घर दोनदा बघा, एकदा मे महिन्यात, एकदा पाऊस मुरल्यावर. तेवढा वेळ नसेल तर भेगेवर पीओपीची छोटी पट्टी लावा, तारीख लिहा. पट्टी तडकली तर भेग अजून चालू आहे. ताजी रंगरंगोटी दिसली तर मी जास्तच संशय घेतो. विकायला काढलेल्या घराला कुणी हौसेनं रंग देत नाही.

आरसीसी घर घेणाऱ्यांनी मात्र सुटलो म्हणून हसू नये. महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत 24 ऑगस्ट 2020 ला कोसळली, 16 जण गेले. दहा वर्षांचीही नव्हती. वयावर जाऊ नका. स्लॅबच्या खालून बघा, विशेषतः बाथरूम आणि पाण्याच्या टाकीखाली. तांबूस डाग, सुटलेले छिलपे म्हणजे आत गज गंजतोय. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो आणि काँक्रीट फोडतो. वरून गिलावा मारून हे थांबत नाही. गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सोडलेले गज वर्षानुवर्षं उघडे असतील तर "वरचा मजला आरामात चढेल" या शब्दावर जास्तीचा एक रुपयाही देऊ नका.

(एक गंमत सांगतो. वास्तू बघायला लोक दोन तास देतात, दिशा, देवघर, सगळं. तेच लोक छताकडे मान वर करून दोन मिनिटं बघत नाहीत.)

फुलंब्रीच्या दादांसाठी माझा सल्ला: लाकूड विकू नका. खांब शाबूत असतील तर धाब्याची जास्तीची माती उतरवा, गळतीचा बंदोबस्त करा. भिंतींना ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून, आत वाकवलेला गज घालून काँक्रीट भरता येतं, म्हणजे पदर बांधले जातात. किल्लारीनंतर जुन्या घरांना मजबुती द्यायला हीच पद्धत सुचवली गेली. बांधकामाच्या भारतीय मानकांतही ती आहे, आयएस 13935 मध्ये. स्लॅबच हवा असेल तर त्याला स्वतःचे कॉलम आणि स्वतःचा पाया द्या, जुन्या भिंतीला त्यात ओढू नका. त्याचा खर्च आत्ताच काढा, आणि तो घराच्या किमतीतून कमी करून मागा.

आणि इसार देण्याआधी एक स्ट्रक्चरल इंजिनिअर घरी न्या. मिस्त्री नाही, आणि मालकाच्या ओळखीचा तर नाहीच. त्याची फी तुमच्या इसारापुढं किरकोळ असेल. घाई असेल आणि इसार द्यावाच लागणार असेल तर रक्कम छोटी ठेवा, आणि इसारपावतीवर लिहून घ्या की तपासणीत घर राहण्यालायक निघालं नाही तर पैसे परत. मालक या ओळीवर सही करायला किती आढेवेढे घेतो, तेही बघून ठेवा.