एलिव्हेटरची काडी कशाची असावी?

राजेगाव-गोंदिया पट्ट्यात बिरसीच्या धावपट्टीवरची शिकाऊ विमानं बघून रिमोटच्या विमानाचा नाद लागलेल्या पोरांसाठी हे लिहितोय. सर्वोपासून (छोट्या मोटरपासून) शेपटीवरच्या एलिव्हेटरपर्यंत, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या हलत्या फळीपर्यंत, जाणारी काडी, म्हणजे पुशरॉड, विचार करूनच निवडा.

नायलॉनची नळी स्वस्त आणि वळणातून सहज जाते, पण उन्हात लांबते. ६० सेंटिमीटरची नळी तापमान २० अंशांनी वाढलं की जवळपास १ मिलिमीटर वाढते. सकाळच्या थंडीत नीट लावलेला ट्रिम (एलिव्हेटरची मूळ स्थिती) दुपारी बिघडतो तो यामुळेच. तेवढीच पोलादी तार जेमतेम मिलिमीटरचा सातवा हिस्सा वाढते. मात्र जाड तार शेपटीला वजन देते आणि बारीक तार ढकलताना वाकते. मध्यावर एक आधार दिला, तर तीच तार वाकायला चौपट जोर लागतो. हा उपाय फुकटचा आहे, तो आधी करा.

कार्बनची नळी हलकी, ताठ आणि उन्हाला न बधणारी. पण ती रेडिओ लहरी अडवते, म्हणून रिसीव्हरची अँटेना तिच्यापासून दूर ठेवा.

माझी पसंती मात्र आपल्या बालाघाटच्या बांबूला! वाळलेली, सरळ रेषांची कामटी तासा, टोकांना तार दोऱ्याने घट्ट बांधून इपॉक्सी लावा, वर वार्निश द्या. लहान विमानाला ती उत्तम चालते.

आणि उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा, कुठे उडवता येतं ते दाखवणारा नकाशा बघाच. बिरसीचा विमानतळ जवळ आहे.