बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधील नोंदी

लातूर किंवा नांदेड जिल्ह्यातील एका शाळेच्या आवारात पर्जन्यमापक आहे आणि गेली बारा वर्षे मुले रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाणी मोजत आहेत, असे समजा. आकडे शाळेतील लिनक्स संगणकात भरले जातात. त्यांत २०१५ च्या दुष्काळाच्या नोंदी आहेत. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याआधीचे कोरडे महिने आहेत. एके दिवशी वीज जाते, परत येते आणि संगणक सुरूच होत नाही. संगणक नवा घेता येईल. २०१५ च्या जून महिन्यातला पाऊस मात्र पुन्हा मोजता येणार नाही. (कागदी वही जपून ठेवली असेल, तर पुढचा खटाटोप न करता आकडे पुन्हा भरावेत, हे उत्तम.)

अशा वेळी पहिले काम म्हणजे संगणक बंद करणे. हे का, ते समजण्यासाठी डिस्कच्या आत काय चालते ते पाहू. चुंबकीय लेप दिलेल्या चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेत असतात आणि त्यांच्या पृष्ठभागापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर हेड तरंगत असते. माणसाचा केस सुमारे ७०,००० नॅनोमीटर जाड असतो, यावरून धुळीचा एक कण काय उत्पात करील याची कल्पना यावी. डिस्कमधून ‘टक्-टक्’ असा आवाज येत असेल, तर हेड जागा शोधून थकले आहे किंवा चकतीला घासते आहे. प्रत्येक मिनिटाला नोंदी खरवडल्या जाण्याचा धोका असतो. अशी डिस्क धूळविरहित खोली असलेल्या तज्ज्ञांकडेच द्यावी. घरी उघडू नये. ती फ्रीजमध्ये ठेवण्याचा एक उपाय सांगितला जातो. तोही करू नये, कारण बाहेर काढल्यावर आत दव धरते.

आवाज नसेल आणि डिस्क अडखळत का होईना वाचली जात असेल, तर काम आपल्या हातचे आहे. येथे लिनक्सचे जाणकारही एक घाई करतात. ते ‘एफएससीके’ हा दुरुस्तीचा प्रोग्रॅम लगेच त्या आजारी डिस्कवरच चालवतात. हा प्रोग्रॅम विसंगती दिसेल तेथे नवे लिहितो, आणि वाचनच चुकत असेल तर चांगली नोंदही चुकीची समजून बदलतो. इतकेच काय, डिस्क ‘केवळ वाचनासाठी’ जोडली तरी ईएक्सटी-४ ही फाइलव्यवस्था आपल्या रोजनिशीतील अर्धवट कामे पुरी करण्यासाठी डिस्कवर लिहू शकते.

म्हणून डिस्क न जोडता तिची बिंदूगणिक प्रत आधी दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर घ्यावी. संगणक पेनड्राइव्हवरील लिनक्सने सुरू करावा आणि ‘डीडीरेस्क्यू’ हा मोफत प्रोग्रॅम वापरावा. तो पेपर सोडवणाऱ्या हुशार विद्यार्थ्यासारखा वागतो. सोपे भाग आधी वाचून घेतो, अडलेले सोडून पुढे जातो आणि शेवटी अवघड जागांकडे पुन्हा वळतो. काय वाचून झाले याची नोंद तो वेगळ्या फाइलीत ठेवतो. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम जेथे थांबले तेथून पुढे सुरू करता येते. आपल्याकडे या गुणाचे मोल वेगळे सांगायला नको.

आता दुरुस्ती प्रतीवर. ईएक्सटी-४ मधील सर्वांत महत्त्वाचा ठोकळा म्हणजे ‘सुपरब्लॉक’. ठोकळ्यांचा आकार किती, एकूण ठोकळे किती, हे त्यात असते. तो गेला तर सारी डिस्क कोरी वाटते. पण त्याच्या प्रती ठरलेल्या जागी असतात, आणि त्या जागा गणिताने काढता येतात. एक ठोकळा ४,०९६ बाइटचा असतो. ठोकळ्यांच्या प्रत्येक गटात एक ठोकळा हजेरीपटाचा असतो, आणि त्यातील एकेक बिट एकेका ठोकळ्याची हजेरी मांडतो. म्हणून एका गटात ४,०९६ × ८ = ३२,७६८ ठोकळे. सुपरब्लॉकच्या प्रती सर्वसाधारणपणे पहिल्या गटात आणि ३, ५, ७ यांच्या घातांकी गटांत असतात (मोजणी शून्यापासून). म्हणजे ठोकळा क्रमांक ३२,७६८, मग ९८,३०४, १,६३,८४०, २,२९,३७६, २,९४,९१२. यापुढचे दोन क्रमांक दहावीच्या मुलांनी काढावेत. यांपैकी एक क्रमांक सांगून एफएससीके प्रतीवर चालवला की पुष्कळदा सारी फाइलव्यवस्था उभी राहते.

तरीही न जमल्यास ‘फोटोरेक’ हा प्रोग्रॅम अनुक्रमणिका फाटलेल्या पुस्तकात प्रकरणांची सुरुवात शोधावी तसे काम करतो. जेपीईजी छायाचित्राचे पहिले तीन बाइट २५५, २१६, २५५ असतात. ते दिसले की फाइल सुरू झाली असे तो धरतो. फाइलींची नावे मात्र जातात. स्प्रेडशीटची फाइल आत दाबून भरलेली असते, तिचा मधला तुकडा गेला तर ती सहसा धड उघडत नाही. स्वल्पविरामांनी वेगळे केलेले साधे आकडे असतील, तर एक ओळ आठवत असली तरी तिच्या शोधाने आजूबाजूचे तुकडे सापडतात. पावसाच्या नोंदी साध्या फाइलीत ठेवाव्यात असे मला वाटते, ते याचसाठी.

एवढे कष्ट फळतात का? १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अंतराळयान कोसळले आणि कल्पना चावलांसह सात अंतराळवीर गेले. अवशेषांत जळकी, धुळीने भरलेली एक हार्ड डिस्क मिळाली. तिच्यात झेनॉन वायूच्या श्यानतेवरील प्रयोगाच्या नोंदी होत्या. चकत्यांचा लिहिलेला भाग शाबूत निघाला, नोंदी तज्ज्ञांनी बाहेर काढल्या आणि त्यांवरचा शोधनिबंध २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ती डिस्क डॉसवर चालत होती आणि डॉसने आकडे एकाच भागात सलग लिहिले होते, हेही उपयोगी पडले.

नव्या एसएसडीत मात्र चकती नसते, आणि पुसलेले ठोकळे ती स्वतःच मोकळे करून टाकते. तेथे पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा कमी.

परत मिळालेली मराठी फाइल उघडल्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसली, तर ती लगेच टाकून देऊ नये. पूर्वी मराठी मजकूर युनिकोडमध्ये न लिहिता त्या त्या फॉन्टच्या खास संकेतांत लिहिला जाई, आणि तो फॉन्ट नसला की असेच दिसते. जुना फॉन्ट बसवावा किंवा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून पाहावा.