सोर्स कोडमधील संलग्न दृश्ये
सोर्स कोडमधील संलग्न दृश्ये ही संगणकाची आज्ञावली वाचण्यासाठी एडिटरमध्ये असलेली सोय होय. यात एकाच आज्ञावलीचे भाग अनेक चौकटींत दिसतात व एका चौकटीतील निवडीनुसार इतर चौकटींतील मजकूर बदलतो.

स्वरूप
एका चौकटीत फंक्शनांची यादी असते. वेतनाच्या आज्ञावलीत यादीतील ‘कर’ हे फंक्शन निवडल्यास दुसऱ्या चौकटीत त्याची व्याख्या उघडते आणि तिसरीत ते जेथे वापरले आहे त्या ओळी दिसतात. साध्या शब्दशोधात ‘करार’ हे नावही सापडते. संलग्न दृश्यात मात्र भाषेचे नियम लक्षात घेऊन नेमके संदर्भ दाखविले जातात.

इतिहास
१९७० च्या दशकात अमेरिकेतील झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी अशा चौकटींचा ब्राउझर तयार केला. युनिक्सवर सीटॅग्स व सीस्कोप ही साधने नावांची सूची तयार करीत. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. त्यामुळे भाषेचे विश्लेषण करणारा एकच सर्व्हर अनेक एडिटरांना उपयोगी पडू लागला.

मर्यादा
पायथॉनसारख्या भाषेत फंक्शनाचे नाव आज्ञावली चालू असताना अक्षरे जोडूनही तयार करता येते. असा वापर यादीत सहसा येत नाही. त्यामुळे यादी रिकामी दिसली, तरी फंक्शन निरुपयोगी आहे असे सिद्ध होत नाही. ते काढून टाकण्यापूर्वी नावाच्या तुकड्यांचा शोध घेणे व चाचण्या चालविणे आवश्यक असते.