संगणक निवडण्याआधी ‘कऱ्हाड’ लिहून बघा

मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची नियमित साथ थांबवली आणि सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरांतले धडधाकट लॅपटॉप एका रात्रीत जुने ठरले. मशीन बंद पडलं नाही, त्यावरचं कामही अडलं नाही. सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या तेवढ्या येईनाशा झाल्या. मुदतवाढीसाठी नोंदणी करणाऱ्यांना आणखी वर्षभराची सवलत मिळाली, इतकंच. विंडोज ११ टाकावं म्हटलं, तर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारण २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी २०१६ साली घेतलेला लॅपटॉप या चाळणीत अडकतो. मग घरात चर्चा सुरू होते: नवा विंडोज लॅपटॉप घ्यायचा, मॅक घ्यायचा, की आहे त्याच मशीनवर लिनक्स टाकायचं?

या तिन्ही प्रणालींची तुलना बहुतेक वेळा दिसण्यावर आणि वेगावर होते. खिडक्या, चिन्हं, फाइल शोधणं, ब्राउझर या बाबतींत आता त्यांच्यात फारसं अंतर उरलेलं नाही. आपल्याकडच्या घराला खरा फरक पडतो तो मशीनचं आयुष्य, वीज जाणं आणि मराठी मजकूर यांमुळे. यातलं तिसरं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं आणि चर्चा सगळ्यांत कमी होते तीही त्याचीच.

आयुष्याच्या बाबतीत लिनक्स निर्विवाद पुढे आहे. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्यानं १९९१ साली त्याची सुरुवात केली. आज त्यावर उभी असलेली उबुंटू किंवा मिंटसारखी रूपं मोफत मिळतात. ४ जीबी रॅमच्या मशीनवरही मिंट कामापुरतं चालतं, आणि जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवली तर ते मशीन आणखी काही वर्षं काढतं. ॲपलचं गणित वेगळं आहे. मशीनही त्यांचं, प्रणालीही त्यांचीच, त्यामुळे दोन्हींचा मेळ उत्तम बसतो. पण मशीनची साथ कधी संपवायची हेही तेच ठरवतात. इंटेल प्रोसेसरच्या मॅकसाठी २०२५ची ‘टाहो’ ही शेवटची आवृत्ती, असं त्यांनी जाहीर केलं आहे. लिनक्स शिकायला आपल्या भागात कुणी नाही, ही तक्रार मात्र मला पटत नाही. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स वापरकर्त्यांचा गट आहे. लिनक्स पेनड्राइव्हवरूनही सुरू करून पाहता येतं, मशीनवरच्या विंडोजला हात न लावता. भारत सरकारच्या सी-डॅकनंही २००७पासून ‘बॉस’ नावाचं लिनक्स उपलब्ध केलं आहे, त्यात भारतीय भाषांची सोय आहे.

आता वीज. पावसाळ्यात जावळी-पाटणकडे दिवसातून चारदा वीज जाते, तेव्हा डेस्कटॉपवर फाइल लिहिली जात असतानाच तो बंद पडू शकतो. विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची ईएक्सटी४ या फाइलव्यवस्था यावर एकच युक्ती वापरतात. सांगलीच्या हळद बाजारातला आडत्या सौदा झाल्याबरोबर आधी कच्च्या वहीत टिपून ठेवतो आणि मग सावकाश पक्क्या खात्यावर चढवतो, तसं इथे फाइलींच्या मांडणीत जो बदल करायचा तो आधी वेगळ्या जागी नोंदला जातो. मधेच वीज गेली, तर पुन्हा सुरू होताना संगणक ती नोंद वाचतो. अर्धवट राहिलेलं काम एकतर पुरं करतो, नाहीतर रद्द करतो. मॅकची २०१७पासूनची एपीएफएस जुन्या नोंदीवर लिहीतच नाही. नवी नोंद रिकाम्या जागी पूर्ण लिहून झाली, की मगच जुनीचा पत्ता बदलते. तिन्ही फाइलव्यवस्था भरवशाच्या आहेत. पण सेव्ह न केलेली चार पानं यातली एकही परत देत नाही, म्हणून यूपीएसला पर्याय नाही.

आता मराठीकडे येऊ. संगणकावर कोरी फाइल उघडा आणि ‘कऱ्हाड’ लिहा. फाइलीत फक्त सहा खुणा साठवल्या जातात: क, नुक्ता असलेला ऱ, पाय मोडण्याची खूण, ह, काना आणि ड. तो चंद्रकोरीसारखा अर्धा र फाइलीत कुठेच नसतो. ऱनंतर पाय मोडल्याची खूण आणि पुढे व्यंजन आहे, हे ओळखून अक्षरजुळणीचं इंजिन तो पडद्यावर दाखवताना घडवतं. ऱऐवजी साधा र टंकला, तर तेच इंजिन रफार काढतं आणि ‘कर्हाड’ असं भलतंच दिसतं. वेलांटीचंही तसंच: ‘कि’मध्ये ती क नंतर साठवली जाते आणि दिसते मात्र आधी. विंडोजमध्ये देवनागरीसाठी हे काम विंडोज २०००पासून होऊ लागलं. त्यातला मंगल हा फाँट मुंबईच्या आयआयटीत शिकवणाऱ्या र. कृ. जोशींनी घडवला. लिनक्सवर हार्फबझ आणि मॅकवर कोअर टेक्स्ट ही इंजिनं तेच काम करतात. आज तिन्हींकडे ‘कऱ्हाड’ नीट उमटतं. इनस्क्रिप्ट कळफलकही तिन्हींकडे आहे. शिफ्टसह जेची कळ दाबली की ऱ, मग डीची कळ दाबून पाय मोडायचा.

एक खोड मात्र लक्षात ठेवायला हवी. साधा र, पाय मोडण्याची खूण आणि त्यामागे एक अदृश्य जोडखूण अशा मार्गानंही हाच अर्धा र काढता येतो. डोळ्यांना दोन्ही ‘कऱ्हाड’ सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द असतात. सोसायटीच्या सभासदांची यादी दोघांनी दोन साधनांनी टंकली असेल, तर गावाच्या नावानं शोधताना काही माणसं सापडतच नाहीत. हा दोष कोणत्याच प्रणालीचा नाही; घरात किंवा कचेरीत एकच कळफलक ठरवून घेतला की तो मिटतो.

खरी अडचण युनिकोड या आजच्या सार्वत्रिक लिपीसंकेताच्या आधीच्या मजकुराची आहे. संगणकांना मराठी येत नव्हतं त्या काळात पुण्याच्या मंडळींनी ती उणीव भरून काढली. सी-डॅकनं जिस्टचं तंत्र आणलं, मॉड्युलरनं श्रीलिपी दिली, आणि त्यांच्या जोरावर गावोगावची छपाई संगणकावर आली. ही कामगिरी मोठी होती. पण त्या काळच्या बहुतेक फाँटांत मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. कृतीदेवमध्ये पडद्यावर ‘का’ दिसतो, तिथे फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजी डी आणि के ही अक्षरं असतात. तो फाँट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की निरर्थक इंग्रजी दिसतं. साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून मिरजेपर्यंत डीटीपीच्या दुकानांत पेजमेकरवर घडलेल्या लग्नपत्रिका, स्मरणिका, संस्थांचे अहवाल असे साठलेले आहेत. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची, आणि तिला युनिकोड कधी आलंच नाही. म्हणजे या दुकानांना विंडोजला बांधून ठेवलंय ते जुन्या मजकुराच्या लिपीसंकेतानं. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांचीही तीच गत, कारण ती विंडोजसाठीच बनते. अशांनी विंडोजवरच राहावं. ज्या घरात ब्राउझर, पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास आणि सातबारा पाहणं एवढंच काम आहे, त्या घरानं नव्या मशीनवर पन्नास हजार घालण्याआधी लिनक्स जरूर वापरून पाहावं.

मजकूर युनिकोडमध्ये असला म्हणजे काय होतं, याचं उदाहरण सातारा जिल्ह्यातच आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाईत मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं आणि पहिला खंड १९७६ साली छापून निघाला. आज त्यातल्या नोंदी इंटरनेटवर आहेत. विंडोज, मॅक, लिनक्स, हातातला फोन, कुठेही त्या वाचता येतात, त्यांत शोधता येतं, आणि वाचणाऱ्याला कोणताही फाँट मागावा लागत नाही.

घरातल्या जुन्या फाइलींनाही हे मोकळेपण देता येतं. कृतीदेव, श्रीलिपीचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधनं मिळतात. मात्र जुन्या फाँटांत वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर साठवलेला असल्यामुळे रूपांतरात चुका नेमक्या तिथेच राहतात. अर्ध्या रच्या जागाही चुकतात. म्हणून ते मूळ फाँट ज्या मशीनवर आहेत, त्याच मशीनवर प्रत्येक जुन्या फाइलीची पीडीएफ काढून ठेवायची, रूपांतरित मजकूर तिच्याशी ओळीनं ताडून पाहायचा, आणि मगच ते मशीन भंगारात द्यायचं.